सलाईनने बरी होणारी रुग्ण : सोलापूरच्या कॅज्युअल्टीतील एक प्रकरण अभ्यास

मे महिन्यातील एका रात्री पावणेदोनच्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या ३८ वर्षांच्या एका विडी कामगार महिलेला रिक्षातून आमच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणण्यात आले. दोन दिवसांपासून उलट्या आणि पोटदुखी, संध्याकाळपासून असंबद्ध बोलणे आणि उभे केले की डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणे, अशा तक्रारी नातेवाइकांनी सांगितल्या. सोबत सासू, धाकटा दीर आणि नववीत शिकणारी मुलगी होती. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला असल्याने तो पहाटे पोहोचला. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंबाची रचना आणि काही तपशील येथे बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, निदानासाठी लागणारा सर्वांत मोलाचा पुरावा त्या रात्री कोणत्याही यंत्रातून निघाला नाही. मागील सहा महिन्यांत रुग्णाला ज्या उपचाराने पुन्हा पुन्हा बरे वाटत होते तो उपचार नेमका काय होता, एवढे विचारल्यावर तो हाती आला. आजारपण किती दिवसांचे, कोणकोणत्या डॉक्टरांना दाखवले, कोणत्या तपासण्या झाल्या, हे आपण सगळेच विचारतो. कशाने बरे वाटले आणि ते बरे वाटणे किती दिवस टिकले, हा प्रश्न मात्र गर्दीच्या वेळी राहून जातो, आणि माझ्या मते तो तपासणीचाच एक भाग मानला गेला पाहिजे.

रुग्ण आणि तिची पिशवी

मुलीच्या हातात कपड्याच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती आणि तीत सहा महिन्यांचे सगळे कागद होते. दिवाळीनंतर थकवा सुरू झाला, भूक मेली, वजन ५२ किलोवरून ४१ किलोपर्यंत उतरले. पाळी तीन महिन्यांपासून बंद होती. जानेवारीत एका रुग्णालयात रक्तक्षयाच्या गोळ्या आणि जंताचे औषध मिळाले. फेब्रुवारीत दुसरीकडे दुर्बिणीने पोट तपासून जठराला सूज असल्याचे सांगण्यात आले. मार्चअखेर उलट्या वाढल्याने ती एका खासगी रुग्णालयात तीन दिवस दाखल होती. तेथील डिस्चार्ज कार्डावर ‘गॅस्ट्रो’ असे निदान लिहिलेले होते. एप्रिलमध्ये कोणीतरी हे सगळे ताणामुळे होत असल्याचे सांगून झोपेची गोळी दिली होती. यांपैकी कोणताही निर्णय त्या त्या दिवशी समोर असलेल्या तक्रारीपुरता पाहिला तर अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अडचण अशी की सहा महिने एका माणसाच्या नजरेखालून एकत्र गेले नव्हते.

थकवा नेमका केव्हापासून, याला घरच्यांच्या स्मरणापेक्षा भक्कम आधार मिळाला तो विडीच्या कामाच्या नोंदीतून. सोलापुरात विड्या वळणाऱ्या महिला तेंदूची पाने भिजवून, कातरीने कापून, घरी बसून विड्या वळतात आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात मोजून देतात. मजुरी हजारावर असल्याने रोजचा आकडा लिहिलेला असतो. ही बाई दिवाळीपूर्वी रोज हजाराच्या आसपास विड्या देत असे. डिसेंबरमध्ये आकडा सातशेवर आला, फेब्रुवारीत पाचशेवर, आणि एप्रिलमध्ये अनेक दिवस कोरेच होते. रुग्णाचा थकवा मोजण्याचे साधन आपल्याकडे नसते, असे आपण म्हणतो. येथे ते तारखांसह लिहिलेले होते. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला ‘थकवा किती आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘काम किती कमी झाले’ असे विचारावे, असे मला या प्रकरणानंतर ठामपणे वाटते.

पहिले दोन तास

दाखल होताना रक्तदाब ७०/४०, नाडी मिनिटाला १२४, ताप १००.४ अंश फॅरेनहाइट, हातपाय गार आणि जीभ कोरडी होती. हाक मारल्यावर ती डोळे उघडत होती, परंतु दिवस, वेळ, ठिकाण सांगू शकत नव्हती. ग्लुकोमीटरवर साखर ५२ निघाली, ती २५ टक्के डेक्स्ट्रोज देऊन लगेच वर आणली. त्याने ती थोडी सावध झाली, परंतु रक्तदाबात फरक पडला नाही.

मे महिन्यातील सोलापूर म्हणजे पारा ४२–४३ अंशांवर, आणि अशा दिवसांत उलट्या होऊन बेशुद्धावस्थेकडे झुकलेला रुग्ण आला की उष्माघात, दूषित पाण्याने झालेली हगवण-उलटी आणि जंतुसंसर्गाने आलेला शॉक ही तीन नावे आधी मनात येतात. ती यायलाच हवीत. अंगाचे तापमान पाहता उष्माघात बाजूला पडला. जंतुसंसर्गाची शक्यता मात्र खुली ठेवून रक्त कल्चरसाठी पाठवले आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा पहिल्या तासातच दिली. मलेरियाची काच, डेंग्यूची चाचणी आणि लघवीतील गर्भधारणेची चाचणी नकारात्मक आली. ही शेवटची चाचणी पाळी चुकलेल्या व पोट दुखणाऱ्या कोणत्याही महिलेत विसरता कामा नये. पोट हाताला मऊ होते, सोनोग्राफीत पोटात पाणी नव्हते, स्वादुपिंडाची चाचणी सामान्य होती. शल्यचिकित्सकांनी तपासून शस्त्रक्रियेची घाई करू नये असे मत दिले, आणि पुढे काय निघाले हे पाहता त्या मताचे महत्त्व फार मोठे होते.

दोन लिटर नॉर्मल सलाईन गेल्यावरही रक्तदाब ७८/५० च्या वर सरकेना, म्हणून रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रिनलिन सुरू केले. याच सुमारास रक्ताचे अहवाल आले. सोडियम ११६, पोटॅशियम ६.३ आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.६. ईसीजीमध्ये टी लहरी उंच आणि टोकदार झालेल्या होत्या, त्यामुळे हृदयाच्या रक्षणासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट दिले. पोटॅशियम उतरवण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज एकत्र देण्याची जी रूढ पद्धत आहे, ती साखर आधीच ५२ असलेल्या या रुग्णात आम्ही टाळली.

येथे विचार थांबवून मागे वळावे लागले. दोन दिवस उलट्या करणाऱ्या माणसाचे पोटॅशियम सहसा कमी होते. मूत्रपिंड बंद पडले असते तर ते वाढले असते, परंतु १.६ इतक्या क्रिएटिनिनने एवढी वाढ समजावून सांगता येत नाही. रक्तपेशींच्या अहवालात आणखी एक विसंगती होती: इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ९ टक्के. तीव्र जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाचे शरीर मोठ्या प्रमाणात कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडते आणि त्यामुळे या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. इथे त्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. एकेक आकडा सुटा पाहिला तर त्याला एखादे कारण चिकटवता येते. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, साखर कमी, इओसिनोफिल जास्त आणि सलाईनला न जुमानणारा रक्तदाब हे पाचही एकत्र मांडले, तर त्यांचा रोख एकाच ठिकाणी, ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराकडे, जातो.

पिशवीतील मार्च महिन्याच्या डिस्चार्ज कार्डावर सोडियम १२६ आणि पोटॅशियम ५.७ लिहिलेले होते. म्हणजे हीच विसंगती दोन महिन्यांपूर्वीही कागदावर होती. कमी सोडियमचे कारण ‘उलट्यांमुळे’ असे नोंदवलेले होते, आणि पोटॅशियमविषयी काहीच लिहिलेले नव्हते.

स्पिरिटचा बोळा

अहवाल येण्यापूर्वीच एक गोष्ट आमच्या सिस्टरांच्या लक्षात आली होती. साखर तपासण्यासाठी त्यांनी रुग्णाचे बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, तेव्हा बोळा तपकिरी झाला. विड्या वळणाऱ्या हातांवर तंबाखूचा डाग असतोच, त्यामुळे त्यांनी दुसरा बोळा घेऊन तळहातही पुसला. दुसरा बोळा जवळजवळ स्वच्छ निघाला, परंतु तळहाताच्या रेषा काळ्याच राहिल्या. त्यांनी ही गोष्ट निवासी डॉक्टरांना सांगितली. पुसले तरी न जाणारा तो काळेपणा पाहून डॉक्टरांनी टॉर्च मागवला, कारण कॅज्युअल्टीच्या ट्यूबलाइटखाली त्वचेच्या रंगातील फरक कळणे कठीण असते.

टॉर्चच्या उजेडात बोटांच्या पेरांवर, कोपरांवर आणि हिरड्यांवर गडद काळसर छटा दिसली. गालाच्या आतील बाजूसही निळसर-काळे डाग होते. सर्वांत बोलके निघाले ते दोन व्रण. डाव्या तर्जनीवर कातरी लागून झालेला व्रण होता, तो काळा पडला होता. त्याच हाताच्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा जुना व्रण होता, तो आसपासच्या कातडीपेक्षा फिकटच राहिला होता. कातरीची जखम कधीची, असे विचारल्यावर सासूने तेलुगूत काही सांगितले आणि मुलीने ते मराठीत आम्हाला सांगितले: संक्रांतीच्या आसपासची. या आजारात आजार सुरू झाल्यानंतर झालेले व्रण काळे पडतात आणि त्यापूर्वीचे तसेच राहतात. त्या दोन व्रणांनी आजाराचा काळ जवळजवळ दाखवून दिला होता, आणि विड्यांच्या नोंदीशी तो जुळत होता.

घरच्यांनी रंग काळवंडल्याची तक्रार आपणहून केली नव्हती. विचारल्यावर दीर म्हणाला, वहिनी उन्हाने रापली असेल. परंतु ती दिवसभर घरातच विड्या वळत बसत असे, आणि हिरड्यांना ऊन लागत नाही.

मग निवासी डॉक्टरांनी मुलीला बाजूला बसवून शांतपणे विचारले, ‘बाळ, आईला मधूनमधून बरं वाटायचं का? कशानं?’

‘हो मॅडम. आमच्या इथल्या डॉक्टरांकडं सलाईन लावलं की चार दिवस आई उठून कामाला बसायची. मग परत तसंच. मार्चमध्ये त्या मोठ्या दवाखान्यात नुसतं सलाईन लावलं, तेव्हा एवढं बरं नाही वाटलं. इथले डॉक्टर त्यात छोट्या बाटलीतलं इंजेक्शन टाकतात.’

ते डॉक्टर कुठे आहेत, असे विचारल्यावर कळले की लगीनसराईमुळे ते पंधरा दिवसांपासून गावी आहेत आणि दवाखाना बंद आहे. साधारण दर आठ-दहा दिवसांनी मिळणारे ते सलाईन आणि ते इंजेक्शन या वेळी चुकले होते. खारट खावेसे वाटते का, या प्रश्नावर मुलीने सांगितले की आई भाकरीसोबत शेंगाचटणी घेताना तीत वरून मीठ घालते आणि कधी खडेमीठ तोंडात टाकते. हेही कोणी आपणहून सांगितलेले नव्हते, कारण मीठ जास्त खाणे ही घरच्यांच्या लेखी आजाराची खूण नव्हती.

विचार कसा जुळला

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करतात. कॉर्टिसोल रक्तदाब आणि साखर टिकवून धरते, विशेषतः आजारपणाच्या ताणात. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडातून मीठ वाया जाऊ देत नाही आणि पोटॅशियम बाहेर टाकते. ग्रंथींचा बाह्य भाग नष्ट होत जातो तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी त्यांना जागे करण्यासाठी एसीटीएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडते. त्याच मूळ प्रथिनातून निघणारे घटक त्वचेतील रंगपेशींनाही उत्तेजित करतात, म्हणून रंग काळवंडतो. ग्रंथींचा सुमारे ९० टक्के भाग निकामी होईपर्यंत ठळक लक्षणे दिसत नाहीत आणि त्यानंतर साधा ताप किंवा दोन दिवसांच्या उलट्याही माणसाला मृत्यूच्या दारात नेऊ शकतात. लंडनच्या गाईज (Guy's) रुग्णालयातील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये हा आजार प्रथम सविस्तर मांडला, आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. त्यांच्या काळात त्यावर उपाय नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर कॉर्टिसोन उपलब्ध झाल्यावर परिस्थिती पालटली.

आता त्या दवाखान्यातील सलाईनकडे पाहू. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, अशक्त रुग्णाला ते सलाईन, मल्टिव्हिटॅमिन आणि ८ मिलिग्रॅम डेक्सामिथासोन देतात. डेक्सामिथासोन हे कॉर्टिसोलचे काम करणारे प्रभावी स्टेरॉइड आहे आणि त्याचा परिणाम दीड ते दोन दिवस टिकतो. परंतु मीठ धरून ठेवण्याचा गुण त्यात जवळपास नाही. ती उणीव सलाईनमधील मीठ काही दिवस भरून काढत होते. अजाणतेपणी का होईना, ॲडिसनच्या आजाराचा उपचार त्या छोट्या दवाखान्यात अर्धामुर्धा चालू होता. नुसत्या सलाईनने मार्चमध्ये तितके बरे का वाटले नाही, याचे उत्तरही यातच होते.

येथे एक रास्त शंका येते आणि आमच्यातही ती चर्चेला आली. बाहेरून वारंवार स्टेरॉइड दिल्याने पियुषिका सुस्तावते, ॲड्रिनल ग्रंथी झोपी जातात आणि स्टेरॉइड अचानक बंद झाले की असाच रक्तदाब कोसळतो. आपल्याकडे सांधेदुखीच्या आणि दम्याच्या बेनामी पुड्या खाणाऱ्या रुग्णांत हे नेहमी दिसते. मग हा आजार त्या इंजेक्शनांनीच निर्माण केला, असे का मानू नये? त्याचे उत्तर रंगात आणि पोटॅशियममध्ये आहे. बाहेरच्या स्टेरॉइडने दबलेल्या अवस्थेत एसीटीएच कमी असते, म्हणून रंग काळवंडत नाही. आणि अल्डोस्टेरॉनचे नियंत्रण मुख्यतः मूत्रपिंडाकडून येणाऱ्या संकेतांवर चालते, म्हणून पोटॅशियम वाढत नाही. आमच्या रुग्णात दोन्ही होते. शिवाय विड्यांचा आकडा घसरू लागला तो पहिल्या इंजेक्शनाच्या बऱ्याच आधी.

उपचार आणि सोडियमची चाल

संशय पक्का होताच कॉर्टिसोल आणि एसीटीएचसाठी रक्त घेतले; एसीटीएचची नळी बर्फात ठेवून पाठवावी लागते, अन्यथा आकडा खोटा कमी येतो. अहवाल येण्याची वाट न पाहता पहाटे साडेतीनच्या सुमारास १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलचेच औषधी रूप) शिरेतून दिले आणि पुढे दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम चालू ठेवले. ॲड्रिनल संकटाचा संशय असताना तपासणीसाठी उपचार थांबवणे धोक्याचे असते, आणि संशय चुकीचा ठरला तरी एका मात्रेने सहसा नुकसान होत नाही. सकाळी सातपर्यंत रक्तदाब १०४/६६ झाला, नॉरअॅड्रिनलिन उतरवत बंद करता आले, आणि आठ वाजता तिने चहा मागितला.

त्यानंतरच्या बारा तासांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण धोका येथे संपत नाही आणि रक्तदाब सुधारल्याच्या समाधानात तो नजरेआड होतो. कॉर्टिसोल नसताना शरीर जास्तीचे पाणी बाहेर टाकू शकत नाही. कॉर्टिसोल मिळाले की मूत्रपिंड ते साठलेले पाणी एकदम सोडू लागते आणि सोडियम वेगाने वर चढते. फार वेगाने चढले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते, आणि कुपोषित रुग्णात ही भीती अधिक असते. म्हणून २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही, असे ठरवून दर चार तासांनी सोडियम तपासले. पहिल्या दहा तासांतच ते ११६ वरून १२३ वर पोहोचले आणि लघवी तासाला ३०० मिलिलिटर होऊ लागली. तेव्हा सलाईन बंद करून ५ टक्के डेक्स्ट्रोज लघवीच्या मापाने सुरू केले. चोवीस तासांनी सोडियम १२४ होते, चौथ्या दिवशी १३३. पोटॅशियम दुसऱ्या दिवशी ४.८ वर आले. रक्ताच्या कल्चरमध्ये काहीही उगवले नाही, तेव्हा प्रतिजैविक थांबवले.

कॉर्टिसोलचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला: १.४ मायक्रोग्रॅम. शॉकमधील निरोगी ग्रंथी याच्या कितीतरी पट जास्त कॉर्टिसोल सोडते. एसीटीएचचा अहवाल चार दिवसांनी आला, तो १,१०० च्या वर होता. त्याची नेहमीची वरची मर्यादा साठच्या आसपास असते. या दोन आकड्यांनंतर, ग्रंथींना इंजेक्शनने उत्तेजित करून कॉर्टिसोल मोजण्याच्या उत्तेजन चाचणीची गरज उरली नाही.

कारणाचा शोध

पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथींवर हल्ला केल्यामुळे होतो. आपल्याकडे क्षयरोग हे अजूनही महत्त्वाचे कारण आहे. ॲडिसन यांनी वर्णन केलेल्या रुग्णांतही क्षयाचे प्रमाण मोठे होते. छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण दिसला. सासऱ्यांनी काही वर्षांपूर्वी क्षयाचे औषध पूर्ण केले होते आणि त्या काळात त्यांची सेवा सुनेनेच केली होती, हे सासूने तेव्हा सांगितले. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, मध्यभागी विरळ आणि कडेने चुन्याचे बारीक ठिपके असलेल्या दिसल्या.

एवढ्यावर क्षयाचे औषध सुरू करावे असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही भारतात नेमके असेच चित्र निर्माण करते आणि तिचा उपचार सर्वस्वी वेगळा आहे. त्यामुळे रुग्ण स्थिर झाल्यावर सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने तुकडा घेतला. त्यात क्षयाच्या गाठी मिळाल्या, बुरशी मिळाली नाही, आणि जीन एक्सपर्ट चाचणीत क्षयाचे जंतू सापडले. रिफाम्पिसिन या क्षयाच्या प्रमुख औषधाला दाद न देण्याची खूण नव्हती. एचआयव्ही चाचणी नकारात्मक होती.

क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना (एन्झाइमांना) चालना देऊन कॉर्टिसोलचे विघटन वेगाने करते. ॲड्रिनल ग्रंथी निकामी होत चाललेल्या, परंतु निदान न झालेल्या क्षयरुग्णाला ते सुरू केले, तर औषधानेच संकट ओढवते. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा बसवली, मग क्षयाची चार औषधे सुरू केली आणि त्याच वेळी हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २० मिलिग्रॅमऐवजी ४० मिलिग्रॅम केले. मीठ धरून ठेवण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम दिले. शिरेतून मोठी मात्रा चालू असेपर्यंत त्याची वेगळी गरज नसते. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत तिची नोंद झाली आणि पोषण आहारासाठी मिळणारे महिन्याचे १,००० रुपये तिच्या खात्यात येऊ लागले. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० रुपये होती.

त्या इंजेक्शनांविषयी

वस्तीतील डॉक्टरांवर ठपका ठेवणे सोपे आहे आणि मला ते रास्त वाटत नाही. ज्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, तिला तपासण्यांसाठी दोन दिवस घालवा म्हणून सांगणे म्हणजे दोन दिवसांची चूल थांबवणे, हे त्यांना रोज दिसते. रुग्ण बरे वाटायला येतो आणि स्टेरॉइडने बरे वाटतेच. माझा आग्रह एका गोष्टीवर आहे: जे इंजेक्शन दिले त्याचे नाव आणि मात्रा चिठ्ठीवर लिहिली गेली पाहिजे. पिशवीतील त्या दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर गोळ्यांची नावे होती, सलाईन लावल्याची नोंद एकाही कागदावर नव्हती. नाव लिहिलेले असते, तर मार्चमध्ये तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘हिला डेक्सामिथासोनने उठून बसण्याइतके बरे का वाटते’ हा प्रश्न पडण्याची संधी मिळाली असती. आणि चिठ्ठी कोरी असेल तेव्हा, कॅज्युअल्टीतील डॉक्टराने सलाईनचा रंग कसा होता, त्यात किती सुया टोचल्या, बाटली लहान होती की मोठी, इतक्या बारकाईने विचारले पाहिजे. हे सांगणारे माणूस बहुतेक वेळा रुग्णाच्या शेजारी बसलेले घरातील मूल असते, कारण सलाईन संपेपर्यंत थांबायला त्यालाच पाठवलेले असते.

घरी गेल्यानंतर

बाराव्या दिवशी ती घरी गेली. जाण्यापूर्वी नवऱ्याला, सासूला आणि मुलीला वेगवेगळे बसवून तीन गोष्टी समजावल्या: गोळी एकही दिवस चुकवायची नाही; ताप आला तर मात्रा दुप्पट करायची; आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मांडीत देऊन लगेच रुग्णालय गाठायचे. इंजेक्शन देण्याचा सराव मुलीने संत्र्यावर केला. मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांतील कार्ड तयार करून ते आधार कार्डासोबत ठेवण्यास सांगितले, आणि वस्तीतील डॉक्टरांनाही त्याची प्रत दिली. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून महिनाभराचा साठा हाताशी ठेवण्याची व्यवस्था करावी लागली.

ऑगस्टमध्ये तिला ताप आला तेव्हा घरच्यांनी मात्रा दुप्पट केली, वस्तीतील डॉक्टरांनी कार्ड पाहून स्वतः आम्हाला फोन केला, आणि दाखल करण्याची वेळ आली नाही. क्षयाचे औषध सहा महिन्यांनी पूर्ण झाले. रिफाम्पिसिन थांबल्यावरही यकृतातील विकरांचा वेग ओसरण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोन लगेच न उतरवता त्यानंतर टप्प्याने २० मिलिग्रॅमवर आणले. वजन ४९ किलो झाले, पाळी परत सुरू झाली आणि विड्यांचा आकडा आठशेच्या आसपास स्थिरावला. औषधे पूर्ण झाल्यावर सीटीमध्ये ग्रंथी आक्रसलेल्या दिसल्या. आदल्या दिवसाची गोळी थांबवून सकाळी केलेली कॉर्टिसोलची तपासणी मात्र पूर्वीइतकीच कमी आली. क्षयाने एवढ्या प्रमाणात नष्ट झालेली ग्रंथी क्वचितच पुन्हा कामाला लागते, म्हणून दोन्ही गोळ्या आयुष्यभर चालू राहतील आणि दर तीन महिन्यांनी तिचा रक्तदाब, सोडियम, पोटॅशियम व वजन तपासले जाईल.